सी. आर. पी. : रक्तातील एका प्रथिनाची साक्ष

गेल्या पावसाळ्यात डिचोली तालुक्यातील एका गावी, तेथील विद्यालयाच्या सभागृहात, साथीच्या रोगांविषयीचे एक छोटेसे प्रदर्शन भरविण्यात आले होते. डासांच्या अळ्यांची चित्रे, पाणी उकळून पिण्याची सूचना, असे नेहमीचेच फलक होते. दुपारी एक वयस्क गृहस्थ छत्री मिटून आत आले आणि फलकांकडे न पाहता सरळ ज्या मेजापाशी डॉक्टरीणबाई बसल्या होत्या तिकडे गेले. त्यांच्यापाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन कागद होते. त्यांच्या पत्नीस न्यूमोनिया झाला होता आणि घरीच उपचार चालू होते. पहिल्या दिवशी गावाजवळच्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासले तेव्हा ‘सी. आर. पी.’ या अक्षरांपुढे ९.६ असा आकडा आला होता. चौथ्या दिवशी शहरातील दुसऱ्या प्रयोगशाळेने त्याच अक्षरांपुढे २४ हा आकडा दिला.

“औषध लागू पडत नाही, डॉक्टर. आजार अडीचपट वाढला. म्हणून आज सकाळपासून गोळ्या बंद केल्या.”

“काकींचा ताप कसा आहे?”

“ताप परवापासून नाही. पेजही घेते. पण कागद तर असे म्हणतो!”

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि त्या म्हणाल्या, “काका, आजार वाढलेला नाही, उतरला आहे. घरी जाऊन गोळ्या आधी चालू करा.”

चोवीस हा आकडा नऊ पूर्णांक सहा दशांशांपेक्षा कमी कसा, याचा उलगडा पुढे येईलच. तत्पूर्वी ही तपासणी कशाची आहे ते पाहणे आवश्यक आहे.

‘सी. आर. पी.’ म्हणजे ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’. मराठीत त्यास ‘सी-प्रतिक्रियाशील प्रथिन’ म्हणता येईल. परंतु प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी ही तीन अक्षरेच रूढ झाली असल्याने या लेखातही तीच वापरली आहेत. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत ती घरोघरी पोहोचली. ताप, खोकला, सांधेदुखी, शस्त्रक्रिया अशा कोणत्याही निमित्ताने आज ही तपासणी लिहून दिली जाते. तिच्यासाठी उपाशी पोटी यावे लागत नाही, आणि निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. अवघड आहे ते त्या आकड्याचे वाचन. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण कलाशाखेत झालेले असून वैद्यकाशी त्याचा संबंध जाणकारांना विचारून लिहिण्यापुरताच आहे. तेव्हा कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा येथे हेतू नाही. तो आकडा शरीरात कसा उत्पन्न होतो, एवढेच सांगावयाचे आहे.

रक्तद्रवातील एक अल्पसंख्य

रक्त गोठू न देता काचेच्या नळीत उभे ठेवले तर तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळसर द्रव राहतो. यास रक्तद्रव किंवा प्लाझ्मा म्हणतात. एकूण रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग हाच असतो. रक्त गोठू दिले आणि गाठीभोवतीचा द्रव वेगळा काढला, तर त्यास रक्तरस किंवा सीरम म्हणतात. गाठ बनविण्यात फायब्रिनोजेन हे प्रथिन खर्ची पडलेले असते, हा या दोहोंतील मुख्य फरक होय.

रक्तद्रवात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिनचा असतो. सी. आर. पी. या समाजातील अगदीच अल्पसंख्य घटक आहे. निरोगी प्रौढाच्या एक लिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन सुमारे ४० ग्रॅम असते, तर सी. आर. पी. बहुधा ३ मिलिग्रॅमहून कमी. पुष्कळांच्या बाबतीत ते १ मिलिग्रॅमही भरत नाही. म्हणजे चाळीस हजारांस एक, असे हे प्रमाण झाले. मात्र शरीरात जंतूंचा तीव्र प्रादुर्भाव झाला किंवा मोठी इजा झाली की हेच प्रथिन दोन दिवसांत ३०० मिलिग्रॅमपर्यंत, क्वचित त्याहूनही वर जाते. अल्ब्युमिनचे प्रमाण आजारात थोडे उतरते, फायब्रिनोजेनचे दुप्पट-तिप्पट होते. परंतु शेकडो पटींनी, प्रसंगी हजार पटींनी वाढणारी रक्तातील प्रथिने फारच थोडी आहेत. वैद्यकीय तपासणीत या अल्पसंख्याला एवढे महत्त्व आले ते या गुणामुळे.

‘सी’ कोठून आला?

या ‘सी’चा सी जीवनसत्त्वाशी काही संबंध नाही. रक्त गोठण्याच्या क्रियेत भाग घेणारे ‘प्रोटीन सी’ नावाचे आणखी एक प्रथिन रक्तद्रवात आहे, त्याच्याशीही नाही. या अक्षराचा इतिहास न्यूयॉर्क येथील रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्थेच्या रुग्णालयात सुरू होतो.

साल १९३० होते. न्यूमोनियावर प्रतिजैविके नव्हती. सल्फा औषधे व पेनिसिलिन यांचा वापर सुरू होण्यास अद्याप काही वर्षे होती. फुप्फुसाचा एखादा खंड धरणाऱ्या न्यूमोनियात रोग्याला तीव्र ताप भरे, आणि सुमारे आठवडाभराने एके दिवशी घाम सुटून ताप झपाट्याने उतरे किंवा रोगी दगावे. या रोगाचा प्रमुख जंतू न्यूमोकॉकस. त्याच्या अनेक जाती असून जातिपरत्वे त्याचे बाह्य आवरण वेगळे असते. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोन डॉक्टर या जंतूचे निरनिराळे घटक वेगळे काढून त्यांच्याशी रोग्याच्या रक्तरसाची प्रतिक्रिया तपासत होते. त्यांतील एका घटकास ‘सी’ हे नाव होते. हा शर्करेच्या जातीचा पदार्थ असून तो न्यूमोकॉकसच्या सर्व जातींत समान आढळे.

आजारी माणसाच्या रक्तरसात हा ‘सी’ पदार्थ मिसळला की द्रव गढूळ होऊन त्यात साका बसे. येथवर आश्चर्य करण्याजोगे काही नव्हते. जंतू शरीरात शिरला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि ती जंतूच्या घटकांशी संयोग पावतात, हे तेव्हा ठाऊक होते. परंतु प्रतिपिंडे तयार होण्यास काही दिवस लागतात, आणि रोगी बरा होऊ लागला की ती वाढतात. येथे उलटा प्रकार दिसला. साका बसे तो आजाराच्या पहिल्या दिवसांत, ताप अंगात असताना. ताप उतरून रोगी सावरला की त्याच रोग्याचा रक्तरस स्वच्छ राही. पुढे तर न्यूमोकॉकसशी काहीही संबंध नसलेल्या विकारांत, उदाहरणार्थ सांध्यांच्या तापात, तीच प्रतिक्रिया आढळून आली. म्हणजे हा पदार्थ त्या जंतूविरुद्ध मुद्दाम बनविलेले प्रतिपिंड नव्हते. आजाराच्या उग्र अवस्थेत रक्तात येणारे आणि त्या अवस्थेबरोबर जाणारे ते काही वेगळेच होते.

१९४१ मध्ये त्याच संस्थेतील ऑस्वल्ड एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पदार्थ प्रथिन असल्याचे दाखविले. ‘सी’ पदार्थाशी प्रतिक्रिया करणारे, म्हणून ‘सी-रिॲक्टिव्ह’, असे त्याचे नाव पडले. याच प्रयोगमालेत कॉलिन मॅक्लाउड व एव्हरी यांनी सशांना हे प्रथिन टोचून त्याविरुद्धची प्रतिपिंडे मिळविली. त्यामुळे पुढे रोग्याच्या रक्तातील सी. आर. पी. शोधण्यास जंतूपासून काढलेल्या ‘सी’ पदार्थाची गरज उरली नाही. १९४७ मध्ये मॅक्लिन मॅकार्टी यांनी या प्रथिनाचे स्फटिक तयार केले. शिक्षकवर्गास ही तीन नावे परिचित वाटतील. आनुवंशिक गुण वाहून नेणारा पदार्थ डी. एन. ए. हाच असल्याचे १९४४ मध्ये ज्या तिघांनी दाखवून दिले, ते एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी हेच होत. मूळच्या दोघांपैकी टिलेट यांनी १९३३ मध्ये रक्ताच्या गाठी विरघळविणाऱ्या, पुढे स्ट्रेप्टोकायनेज या नावाने प्रसिद्धी पावलेल्या द्रव्याचा शोध लावला. तर फ्रान्सिस यांच्या देखरेखीखाली १९५४ साली साल्क यांच्या पोलिओ लसीची प्रचंड चाचणी पार पडली. एका न्यूमोनियाच्या कक्षाभोवती एवढी माणसे गोळा झाली होती.

शरीरातील निरोप्या

सी. आर. पी. यकृतात तयार होते. शरीरात कोठेही जंतू शिरले, हाड मोडले, भाजले, शस्त्रक्रिया झाली किंवा हृदयाच्या स्नायूचा एखादा भाग रक्ताअभावी मृत झाला, की त्या जागी जमलेल्या पेशी काही रासायनिक निरोप रक्तात सोडतात. त्यांतील मुख्य निरोप्या इंटरल्युकिन-६ या नावाने ओळखला जातो. तो यकृतात पोहोचला की तेथील पेशी सी. आर. पी. बनविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतात. निरोप फुप्फुसातून आला की पायाच्या जखमेतून, हे यकृताला कळत नाही. ते फक्त माल पाठविते.

या मालाचा उपयोग काय? हे प्रथिन पाच सारख्या भागांचे, कड्याच्या आकाराचे असून प्रत्येक भाग २०६ अमिनो आम्लांचा असतो. कॅल्शियमच्या साहाय्याने ते फॉस्फोकोलीन नावाच्या रासायनिक गटाला चिकटते, हे १९७१ मध्ये सिद्ध झाले. न्यूमोकॉकसच्या ‘सी’ पदार्थात हा गट असतो आणि आपल्याच मृत वा जखमी पेशींच्या आवरणातही तो उघडा पडतो. तोडावयाच्या झाडांवर वनखात्याचा हातोडा उमटवितात, त्याप्रमाणे विल्हेवाट लावावयाच्या पेशी व जंतू यांच्यावर हे प्रथिन आपली खूण करते, आणि पुढचे काम रक्तातील अन्य द्रव्ये व भक्षक पेशी करतात.

चढण आणि उतार

तपासणीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट आहे ती वेळेची. इजा किंवा संसर्ग झाल्यापासून सुमारे सहा तासांनी रक्तातील सी. आर. पी. वाढू लागते. त्यानंतर ते दर आठ तासांना सुमारे दुप्पट होत जाते आणि साधारण दोन दिवसांनी कमाल पातळी गाठते. एका लिटरला ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात झाली असे धरले तर आठ तासांनी १०, सोळा तासांनी २० आणि चोवीस तासांनी ४० असा हिशेब येतो. सकाळी हुडहुडी भरून ताप आला आणि दोन तासांत रक्त दिले, तर आकडा सर्वसामान्य येऊ शकतो. असा कागद मिळाला म्हणून आजार नाही असे नव्हे. यकृताला निरोप पोहोचून माल रक्तात येण्यास अजून अवधी असतो.

उताराचे गणित याहून सोपे आहे. रक्तात आलेले सी. आर. पी. सुमारे १९ तासांत निम्मे होते आणि हा कालावधी निरोगी माणसात व आजाऱ्यात जवळजवळ सारखाच राहतो. रक्तातील पातळी केवळ यकृत किती वेगाने पुरवठा करीत आहे यावर अवलंबून असते. निरोप थांबला की पुरवठा थांबतो. पुरवठा एकदम थांबला असे गृहीत धरल्यास १६० चे १९ तासांनी ८०, ३८ तासांनी ४० आणि ५७ तासांनी २० होतात. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना घातांकी ऱ्हासाचे उदाहरण म्हणून किरणोत्सारी मूलद्रव्याऐवजी हे देण्यास हरकत नाही. प्रत्यक्ष आजार असा एका क्षणी थांबत नाही, म्हणून उतार थोडा सावकाश होतो.

याच्या शेजारी जुनी ई. एस. आर. तपासणी ठेवून पाहावी. तिच्यात तांबड्या पेशी उभ्या नळीत एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात हे मोजतात. ते मुख्यतः फायब्रिनोजेनवर अवलंबून असते आणि फायब्रिनोजेन रक्तातून जाण्यास कित्येक दिवस लागतात. शिवाय रक्तक्षय, गरोदरपण व वय यांचाही तिच्यावर परिणाम होतो. त्यामुळे रोगी हिंडूफिरू लागला तरी ई. एस. आर. वाढलेलीच दिसते. म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. क्षयासारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या विकारांत आणि काही संधिविकारांत डॉक्टर ती आजही मागवितात. परंतु आज दिलेले औषध परवा लागू पडले की नाही, हे तिला विचारता येत नाही, सी. आर. पी.ला विचारता येते.

शस्त्रक्रियेनंतर तर प्रत्येकाचेच सी. आर. पी. वाढते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते कमाल पातळीवर असते. त्या वेळचा मोठा आकडा पाहून नातेवाइकांनी घाबरण्याचे कारण नसते. तिसऱ्या दिवसानंतर तो उतरण्याऐवजी पुन्हा चढू लागला, तर मात्र आत कोठे पू झाला आहे काय हे शल्यचिकित्सक पाहू लागतात. नवजात बालकात जंतुसंसर्गाचा संशय असेल तेव्हाही एका दिवसाच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्या सर्वसामान्य आल्या, आणि बालकाची प्रकृतीही ठीक असली, तर चालू केलेली प्रतिजैविके थांबविण्याचा निर्णय घेणे डॉक्टरांना सुलभ जाते.

दोन कागदांचा उलगडा

आता त्या गृहस्थांच्या कागदांकडे वळू. पहिल्या कागदावर ९.६ या आकड्यापुढे बारीक अक्षरांत ‘मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर’ असे छापले होते, आणि दुसऱ्यावर २४ पुढे ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, अर्थात १०० मिलिलिटर. एका डेसिलिटरमध्ये ९.६ मिलिग्रॅम असेल तर एका लिटरमध्ये ९६ मिलिग्रॅम असते. म्हणजे खरी तुलना ९६ आणि २४ यांची होती. तीन दिवसांत पातळी चौथाईवर आली होती, ताप गेला होता, अन्न जात होते. औषध पुरते लागू पडले होते आणि नेमक्या त्याच दिवशी ते बंद करण्यात आले होते.

दोन्ही प्रयोगशाळांचे काम अचूक होते. दोन्ही एकके वापरात आहेत आणि एकक कागदावर लिहिलेले असते. मात्र आपल्याकडे कागद वाचण्याची पद्धत अशी की ठळक छापलेला आकडा आणि त्यापुढचा बाण तेवढा पाहावयाचा. पैशांच्या व्यवहारात रुपये की पैसे हे पाहिल्यावाचून कोणी सही करीत नाही. येथेही आकड्याच्या उजवीकडील शब्द आधी वाचावा, सर्वसामान्य मर्यादा काय दिली आहे ते पाहावे, आणि शक्य असेल तर दुसरी तपासणी पहिलीच्याच प्रयोगशाळेत करावी. मर्यादेच्या रकान्यात ‘०.५’ किंवा ‘१’ पर्यंत असे असेल तर एकक बहुधा डेसिलिटरचे असते; ‘५’ किंवा ‘१०’ पर्यंत असे असेल तर लिटरचे.

तपासणी कशी झाली यावरही कागदाचे स्वरूप ठरते. प्रतिपिंडांचा लेप दिलेले लेटेक्सचे सूक्ष्म कण काचपट्टीवर रक्तरसाच्या थेंबात मिसळतात, सी. आर. पी. पुरेसे असले तर कण एकत्र येऊन डोळ्यांना दिसतील असे पुंजके बनतात. ही सोपी रीत अनेक वर्षे प्रचारात आहे. तिच्यात मुळात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच कळते. यंत्रावर केलेल्या तपासणीत द्रवाचा गढूळपणा प्रकाशाच्या साहाय्याने मोजून नेमका आकडा देतात. बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत निकाल देणारी लहान उपकरणेही आता निघाली आहेत. काचपट्टीवरच्या ‘पॉझिटिव्ह’ची आणि यंत्रावरच्या आकड्याची तुलना करून आजार वाढला की घटला, हे सांगता येणार नाही.

जे हे प्रथिन सांगू शकत नाही

सर्वसाधारणपणे जंतूंमुळे होणाऱ्या तीव्र संसर्गात सी. आर. पी. बरेच वाढते आणि साध्या विषाणूजन्य सर्दी-खोकल्यात थोडेच वाढते. हे खरे असले तरी यास नियम समजून चालणार नाही. काही विषाणूंच्या विकारांत ते चांगलेच वाढते. कोरोनाच्या गंभीर रुग्णांत ते किती वाढत असे, हे सर्वांनी पाहिले. त्याउलट ल्युपस या विकारात रोग बळावलेला असूनही ते बेताचेच राहू शकते. यकृतच निकामी झाले असेल तर माल बनविणारा कारखानाच बंद असतो, आणि संसर्ग असूनही आकडा फसवा येतो. इंटरल्युकिन-६ चा निरोप अडविणारे टोसिलिझुमॅब हे औषध कोरोनाकाळात काही रुग्णांना देण्यात आले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत ज्यांना प्राणवायू कमी पडत होता आणि ज्यांचे सी. आर. पी. लिटरला ७५ मिलिग्रॅम वा अधिक होते, असेच रुग्ण त्यासाठी निवडले गेले होते. या औषधानंतर सी. आर. पी. झपाट्याने खाली येते. पण त्यावरून नवा जंतुसंसर्ग झालेला नाही असे म्हणता येत नाही. निरोप्याला वाटेत अडविले म्हणजे घरची आग विझत नाही.

गोवा आणि कोकणपट्टीच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पावसाळी तापांची आहे. हिवताप जंतूंमुळे (बॅक्टेरियामुळे) होत नाही, तो परजीवीमुळे होतो. तरीही त्यात सी. आर. पी. पुष्कळ वाढते. चिखलात, भातशेतीत काम करणाऱ्यांना होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्येही ते वाढते. विषमज्वरात वाढते. डेंग्यूत ते बहुधा बेताचे असते, पण तेथे लक्ष ठेवावयाचे ते रक्तातील बिंबाणूंवर आणि रोग्याच्या एकूण स्थितीवर. म्हणून तापाच्या रोग्याचे सी. आर. पी. पाहिले, आता हिवतापासाठी रक्ताची काचपट्टी कशाला, असे कोणी म्हणू लागल्यास ते घातक ठरेल. सी. आर. पी. वाढले आहे याचा अर्थ शरीरात कोठेतरी शोथ चालू आहे, एवढाच. तो कोठे आहे आणि कशामुळे आहे, हे शोधण्यास काचपट्टी, छातीचे क्ष-किरण चित्र, लघवीची तपासणी आणि सर्वांआधी डॉक्टरांचा हात व स्टेथास्कोप यांनाच पुढे यावे लागते.

शिक्षकांसाठी येथे एक गोष्ट जोडावीशी वाटते. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मुलाचा गुडघा, मग घोटा, मग मनगट असा एकेक सांधा सुजू लागला आणि ताप येऊ लागला, तर तो सांध्यांचा ताप असू शकतो. त्याने हृदयाच्या झडपांना कायमची इजा होते. या रोगाच्या निदानासाठी १९४४ पासून वापरात असलेल्या जोन्स यांच्या निकषांत सी. आर. पी. व ई. एस. आर. यांना स्थान आहे. परंतु ते दुय्यम निकष म्हणून, म्हणजे केवळ त्यांच्यावरून निदान होत नाही. अशा मुलास ‘वाढीचे दुखणे’ म्हणून घरी न बसविता आरोग्य केंद्रात पाठविणे शिक्षकांच्या हाती आहे.

आकडा आणि प्रतिजैविके

प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर थांबविण्यासाठी या तपासणीचा उपयोग होईल काय, याचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. व्हिएतनाममधील हनोई भागातील दहा प्राथमिक केंद्रांत खोकला-सर्दीच्या तीव्र पण साध्या विकारांच्या सुमारे दोन हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे डॉक्टरांना सी. आर. पी.चा आकडा तत्काळ मिळत होता, तेथे ६४ टक्के रुग्णांनी दोन आठवड्यांत प्रतिजैविके घेतली. जेथे मिळत नव्हता, तेथे ७८ टक्के. थायलंड व म्यानमार येथे तापाच्या रुग्णांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा लाभ बराच कमी दिसला. लिटरला ४० मिलिग्रॅम ही मर्यादा ठेवली तेथे प्रमाण ३४ टक्के, आणि तपासणी नव्हती तेथे ३९ टक्के होते. दोन्ही ठिकाणी प्रमाण घटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याचबरोबर हनोईत आकडा समोर असूनही दहांपैकी सहांहून अधिक रुग्णांच्या पोटात प्रतिजैविके गेलीच, हेही तितकेच ध्यानात घेण्यासारखे आहे. उपकरणे खरेदी करण्याचे प्रस्ताव ज्यांच्या मेजावर येतात त्यांनी दोन्ही बाजू पाहाव्यात.

आपल्याकडे उलट प्रवाहही दिसतो. आकडा थोडा वाढलेला दिसला की घरात उरलेल्या गोळ्या काढावयाच्या, किंवा दुकानात कागद दाखवून ‘याच्यावर काहीतरी द्या’ म्हणावयाचे. लिटरला १२ किंवा १५ हा आकडा साध्या विषाणूजन्य तापात, हिरड्यांच्या विकारात, स्थूल शरीरात, धूम्रपान करणाऱ्यांत, गरोदरपणी, अशा कितीतरी कारणांनी येऊ शकतो. त्यांपैकी एकावरही प्रतिजैविक हे उत्तर नव्हे.

‘हाय सेन्सिटिव्हिटी’ किंवा ‘एच. एस.’ ही अक्षरे जोडलेली सी. आर. पी. तपासणी वेगळ्या कामासाठी आहे. ती तेच प्रथिन अगदी अल्प प्रमाणातही अचूक मोजते. हृदयविकाराचा संभव अजमावताना लिटरला १ मिलिग्रॅमखाली कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर अधिक, अशी वर्गवारी अमेरिकेत २००३ मध्ये सुचविण्यात आली. मात्र सी. आर. पी. स्वतः रक्तवाहिन्या बिघडविते, असे आनुवंशिकतेच्या अभ्यासांतून दिसून आलेले नाही. ते बिघाडाचे कारण नसून त्याची खूण असावी. सर्दी-ताप असताना ही तपासणी करून घेणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय, कारण त्या दिवसांत आकडा हृदयाविषयी काहीच बोलत नाही.

प्रदर्शनातील त्या गृहस्थांनी निघताना डॉक्टरीणबाईंना विचारले, की आता तिसरी तपासणी कधी करावी. त्यांनी गोळ्यांचे उरलेले तीन दिवस कागदावर लिहून दिले आणि ताप परत आला, धाप लागली किंवा खोकल्यातून रक्त पडले तर त्याच दिवशी केंद्रात आणण्यास सांगितले. तिसऱ्या तपासणीचे नाव त्यांनी कागदावर लिहिले नाही. गृहस्थांनी तो कागद पहिल्या दोन कागदांसोबत पिशवीत ठेवला आणि पाऊस थांबण्याची वाट न पाहता ते निघाले.